खालच्या काकांची भिंत

प्रिय अनन्या, प्रिय निखिल,

माझी कंबर धरली म्हणून तुमच्या आईने तिकडे परदेशात बसून इथे माझ्याकडे एक फिजिओथेरपिस्ट पाठवली. मुलगी गुणी आहे. तिने मला भिंतीला टेकवून उभं केलं, टेपने मापं घेतली आणि जाताना एक छापील कागद दिला. त्यावर आठ चित्रं आहेत. त्यातल्या माणसांना चेहरे नाहीत, नुसत्या कडा आहेत. एक उताणा पडून गुडघे वर घेतो आहे, एक कुशीवर वळतो आहे, एक भिंतीला पाठ लावून उभा आहे. तो कागद बघून मी तशीच खुर्चीत बसले. तिला वाटलं, आजी व्यायामाला घाबरल्या.

व्यायाम मला आठच्या आठ येत होते. तिने विचारलं, "कुठे शिकलात?" मी म्हटलं, "चिक्कडपल्लीत, एका भिंतीवरून." ती हसली. तुम्ही हसू नका. ही गोष्ट मी तुमच्या आईलाही कधी नीट सांगितलेली नाही, आणि आता सांगायला फार वेळ हातात आहे असं नाही. माझं शिक्षण सगळं इंग्रजी शाळेत झालं, इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. पण ज्यांची ही गोष्ट आहे ते माणूस माझ्या कानात मराठीतच बोलतं. तुम्हाला वाचायला जड गेलं तर आईला मोठ्याने वाचायला सांगा.

आम्ही त्यांना खालचे काका म्हणायचो, कारण ते खाली राहत आणि आम्ही वर. घर त्यांचं, आम्ही भाडेकरू. तीस वर्षं सरकारी शाळेत कवायतीचे मास्तर होते. उंच, वाळकुडे, मान ताठ. घरात एकटे. मी तेव्हा बारा वर्षांची होते.

आमचं बिऱ्हाड आधी अंबरपेठेला होतं. तिथे न्हाणीत भरली घागर उचलताना आईचा पाय सरकला आणि ती पाठीवर आदळली. कोठी भागातल्या एका डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हाड मोडलेलं नाही, पण पडून राहा, अजिबात हलू नका. आमच्याकडे डॉक्टरांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. बाबा अदालतीत पेशकार, न्यायाधीशांपुढे कागद मांडणारे. हुकूम तंतोतंत पाळायचा हे त्यांच्या रक्तात होतं. आई हलली नाही. महिना झाला, चार झाले, नऊ झाले. हळूहळू ती हलेनाशीच झाली. बाबांना अदालतीतून पटकन घरी येता यावं म्हणून आम्ही चिक्कडपल्लीला आलो, तेव्हा चार माणसांनी तिला फळीवर बांधून वर चढवलं.

बाबांनी आधी खालचे खण मागितले होते. "घरात आजारी माणूस आहे," ते म्हणाले.

"म्हणूनच वर," काका म्हणाले. "खाली ठेवलं तर कधीच उतरायच्या नाहीत."

"त्यांना उतरताच येत नाही, काका!"

"हौ. आज येत नाही."

पहिल्या आठवड्यात मला वाटलं काका फार आजारी आहेत. सोमवारी ते उजवा पाय ओढत, डाव्या हातात काठी घेऊन अंगणात फिरत होते. मंगळवारी पाय ठणठणीत, पण उजवा हात झोळीत. बुधवारी डोळ्यांवर फडकं बांधून विहिरीचं पाणी काढत होते. शेजारच्या बाईंनी दयेने पेजेचं भांडं आणून दिलं. काकांनी पेज पिऊन भांडं घासून परत केलं, आणि मग सांगितलं, की मला काहीही झालेलं नाही. तो त्यांचा सराव होता.

"कसला सराव?" मी विचारलं.

"दुखणं एक दिवस येणारच. त्याला घर माहीत असलेलं बरं. नाहीतर अंधारात चाचपडतं आणि भांडी फोडतं."

रोज सकाळी ते गच्चीवर उलटं चालायचे. पाठ पुढे, तोंड मागे, वीस फेऱ्या. कठड्यापाशी एक वीत राहिली की न बघता थांबायचे. मी किती वेळा श्वास रोखून बघितलं असेल. एकदाही टेकले नाहीत. अंथरुणातून उठायच्या आधी पावलं दहा वेळा गोल फिरवायचे. "शरीराला निरोप न पाठवता उठू नये," म्हणायचे. मी वाकून बादली उचलताना दिसले की कुठूनतरी आवाज यायचा, "कमरेला विचारलंस का?" मग गुडघ्यात बसायचं, बादली पोटाशी घ्यायची आणि उठायचं. ते बाहेर गेलेले असले तरी मला तो आवाज ऐकू येई. आजही येतो.

दुपारी ते खालच्या खोलीत जमिनीवर उताणे पडून छताकडे बघत राहत. झोपत नसत, ऐकत असत. आमचं चालणं, बसणं, भांडी सरकवणं त्यांच्या डोक्यावर चालायचं. एक दिवस मला म्हणाले, "तुझ्या डाव्या चपलेचा अंगठा सुटत आलाय." मी पाहिलं, तर खरंच. पण आई तर चालतच नव्हती. तिचं ऐकण्यासारखं काय होतं? तरी ते म्हणाले, "तुझी आई रोज तीनच्या सुमारास रडते. आवाज करत नाही. खाट करते."

त्या खालच्या खोलीतली भिंत आता सांगते.

आमचा जिना एकोणीस पायऱ्यांचा. तो उतरला की त्यांच्या खोलीतूनच बाहेर जावं लागे. डाव्या हाताची सबंध भिंत कोळशाने काढलेल्या माणसांनी भरली होती. काका ज्याला व्यायाम शिकवत त्याला भिंतीशी उभं करून भोवती कोळसा फिरवत. कुठला खांदा पडलाय, कुठे झुकतोय ते दिसावं म्हणून. शाळेतली मुलं, जुने भाडेकरू, गल्लीतले लोक. चेहरा कुणालाच नाही. काही माणसं तेव्हा हयात नव्हती. शाळेतून आल्यावर त्यांच्या समोरून जाताना मी पदपथावर गर्दीतून वाट काढावी तशी अंग चोरून जायची.

सगळ्यांत खाली, फरशीला लागून एक बाई होती. ती आडवी होती. काका केरसुणी मारताना तिच्यापाशी थांबत आणि तेवढी जागा फडक्याने पुसत. बाबांनी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "आमच्या घरातून. कंबर दुखते म्हणाल्या. मीच सांगितलं, पडून राहा. कवायत मास्तर मी, आणि मीच सांगितलं." ती त्यांची बायको होती.

आणि दाराजवळ एक पुरुष होता. उजवा गुडघा वाकलेला, डावा हात काठीवर असावा तसा पुढे, मान खाली. मी विचारलं, "हे कोण?"

"त्याला यायला वेळ आहे," काका म्हणाले.

आम्ही राहायला आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर जिन्याच्या शेवटच्या पायरीशेजारी ताज्या कोळशाने एक नवी बाई काढलेली. सरळ उभी. अंबाडा मानेवर, उजवा खांदा थोडा उतरलेला. माझे पाय तिथेच थांबले.

"ओळखलीस का?"

"आई," मी म्हटलं. "पण ती तर वर पडली आहे."

"हौ. वर पडली आहे, इथे उभी आहे. आता दोघींची गाठ घालून द्यायची."

काकांनी माझ्या आईला उभं असलेलं कधी पाहिलं नव्हतं. ती त्या घरात आडवीच आली. आईचा उजवा खांदा उतरलेला आहे हे बाबांनासुद्धा माहीत नव्हतं. माहेरी लहानपणापासून पाणी त्याच खांद्याने वाहिलं होतं. मी सगळ्या शक्यता तपासल्या आहेत. खाटेवरून उंचीचा अंदाज करता येतो. अंबाडा शेजारच्या बाईंनी सांगितला असेल. खांद्याचं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही.

मग काका रोज सकाळी आठ वाजता वर येऊ लागले. आईशी ते आधी बोलतच नसत. तिच्या कमरेशी बोलत. स्टूल ओढून, हात जोडून म्हणत, "क्या जी, कमरसाहेब, आज कसं काय?" आणि थांबत. पूर्ण मिनिटभर. उत्तर यावं तसे मान हलवत. पहिल्या दिवशी आईने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि बाबांना म्हणाली, "अहो, हे वेडे आहेत. यांना घालवा." तेवढ्यात काका म्हणाले, "साहेब म्हणतात, डाव्या कुशीला तुम्ही भिता. डावीकडे ते जास्त ओरडतात." आईने तोंड परत फिरवलं.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"साहेबांनीच. आता मी सांगतो ते ऐका, वहिनी. ते बोलले तर बोलू द्या, आपण काम करत राहायचं. ओरडले तर थांबायचं. पण थांबायचं म्हणजे मागे जायचं नाही. आज जिथे थांबलो तिथूनच उद्या."

बाबा दारात उभे. "डॉक्टर म्हणालेत हलायचं नाही."

"डॉक्टरसाहेबांनी किती दिवस म्हटलं होतं?"

बाबांना आठवेना. मग त्यांनी कपाटातून चिठ्ठी काढली. त्यावर लिहिलं होतं, तीन आठवडे. पुन्हा दाखवून जावे. आम्ही कोणी दाखवायला गेलोच नव्हतो. पडून राहा, हे सगळ्यांनी ऐकलं. किती दिवस, हे कोणी वाचलं नाही. बाबा ती चिठ्ठी हातात घेऊन खाली बसले. त्यांच्यासारख्या कागदाच्या माणसाला यापेक्षा मोठी शिक्षा नव्हती.

सुरुवात श्वासाने झाली. उताणं पडायचं, गुडघे वर, कंबर हळूच खाटेच्या फळीला दाबायची, दहा मोजायचे, सोडायचं. पाच दिवस एवढंच. मग टाच घासत पाय सरळ करायचा. मग दोन्ही गुडघे एकत्र ठेवून, ओंडका वळतो तसं सगळं अंग एकदम कुशीवर. मग कोपरावर जोर देऊन बसणं. पहिल्यांदा बसली तेव्हा आईला घेरी आली आणि तिने काकांना शिव्या दिल्या. काका खूश. "आवाज आला! आता पाय येतील."

एवढी घाई का होती ते सांगते. देश स्वतंत्र झाला होता, पण आमचं संस्थान वेगळंच होतं. ते हिंदुस्थानात सामील होणार की नाही, याचा निकाल लागत नव्हता. हत्यारबंद लोकांच्या लॉऱ्या गल्लीतून घोषणा देत जायच्या. एकेक घर बंद व्हायला लागलं. कोणी बेझवाड्याला, कोणी सोलापूरला. आमच्या गल्लीत दुपारी दाराला लागलेली कुलपं मी मोजत यायची. बाबांनी आम्हाला सोलापूरला मामाकडे पाठवायचं ठरवलं. पण गाड्यांना इतकी झुंबड होती की उभ्या माणसालाही चढणं कठीण. फळीवरच्या बाईला कोणी आत घेतलं नसतं. आई चालली तर आम्ही सुटणार होतो. नाहीतर सगळे तिथेच.

आई मला जवळ बोलावून म्हणाली, "तू बाबांबरोबर जा. मी राहते." खालून, फरशीखालून, काकांचा आवाज आला, "नक्को! दहा मोजा!"

ती उभी राहिली. खिडकी धरून, मग न धरता. मग जिना. वर तोंड करून दोन पायऱ्या खाली आणि परत वर. पाच. मग दहा. खालच्या नऊ पायऱ्या राहिल्या होत्या. काका म्हणाले, अजून आठ दिवस द्या. त्याच संध्याकाळी बाबा तिकिटं घेऊन आले. गाडी सोमवारी सकाळची होती.

सोमवारी काका वर आले तेव्हा मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. नंतर लक्षात आलं. सोमवार असून ते दोन्ही पायांवर चालत होते. तेवढ्या एका सोमवारी त्यांनी सराव केला नाही.

टांगा गल्लीच्या तोंडाशी उभा होता. बाबा सामान घेऊन पुढे गेले. मी सर्वांत वर. काका आईच्या पुढे, तिच्याकडे तोंड करून, उलटे उतरायला लागले, गच्चीवर चालत तसे. हात कठड्याला नाहीत, दोन्ही तिच्यासमोर पसरलेले. "मोजा, वहिनी." आई मोजत होती. दहापर्यंत ओळखीच्या पायऱ्या. अकरा. बारा. तिचा आवाज बारीक झाला होता पण थांबला नाही. पंधरा. सोळा.

बाहेरून लॉरी गेली. घोषणा, आणि एक धडाका. बंदूक होती की टायर, कोणास ठाऊक. आई दचकली. तिचा पाय पायरीवर पडलाच नाही. मला तिची पाठ पुढे जाताना दिसली, आणि काकांनी तिचा सगळा भार छातीवर घेतला, तिला भिंतीकडे सरळ केलं आणि स्वतः मागे गेले. सुकलेली फांदी मोडावी तसा आवाज झाला.

आई उभी होती. भिंतीला तळवे लावून, दोन्ही पायांवर. काका खाली फरशीवर, उजवा पाय भलतीकडे वळलेला.

"खाली बघू नका," ते म्हणाले. आवाज रोजच्यासारखाच होता. "अजून तीन. मोजा."

आईने मोजलं. सतरा. अठरा. एकोणीस. खाली येऊन तिने श्वास घ्यायला भिंतीला पाठ टेकली. मी वरून पाहिलं. तिच्या चारी बाजूंनी कोळशाची रेघ होती. अंबाडा अंबाड्यात, उतरलेला खांदा उतरलेल्या खांद्यात. कुठे बोटभरही जागा उरली नाही. पुतळा साच्यात बसावा तशी ती त्यात उभी होती आणि तिला ते ठाऊकही नव्हतं.

"झाली गाठ," काका म्हणाले.

बाबा धावत आले. म्हणाले, "आम्ही जात नाही."

"गाडी जाईल, पेशकारसाहेब. आज सोमवार आहे. सोमवारी उजवा पाय मला नसतोच. मला सवय आहे."

गल्लीत हाडं बसवणारे एक म्हातारे पहिलवान होते. ते आवाज ऐकून बांबूच्या पट्ट्या घेऊन आले आणि त्यांनी आम्हाला जवळजवळ ढकलून बाहेर काढलं. "जाव बेटा, मैं हूँ ना." आम्ही गेलो. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. आई टांग्यापर्यंत चालली, गाडीत चढली, वाडी जंक्शनपर्यंत उभी राहिली, कारण बसायला जागा नव्हती. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर गेली नसती, असं ती पुढे म्हणायची.

पोलीस ॲक्शन झाली, म्हणजे हिंदुस्थानची फौज आली, संस्थान हिंदुस्थानात आलं, आणि थंडीत आम्ही परतलो. आई पुढे, पायीच. दार उघडं होतं. काका दाराजवळ उभे होते. उजवा गुडघा वाकलेला, डावा हात काठीवर. आम्हाला बघून ते एक पाऊल मागे सरकले, भिंतीला टेकले, आणि त्यांनी मान खाली घातली. त्यांच्या मागची रेघ दिसेनाशी झाली.

आई त्यांच्या पाया पडली. ते म्हणाले, "वाकताना गुडघे वाकवा, वहिनी."

मी धीर करून विचारलं, "काका, तुम्हाला आधीच माहीत होतं?"

"माहीत कसं असणार? सराव होता म्हणून पायाने मला परेशान केलं नाही, एवढं खरं." थोडा वेळ काठीने फरशी टोकरत राहिले. "सराव केला म्हणून तो आला, की येणार होता म्हणून सराव केला, हे मला कळत नाही. तुला इंग्रजी शाळेत कळलं तर सांग."

मला कळलं नाही.

जिन्याजवळ, आईच्या शेजारी, एक नवी बाई काढलेली होती. ठेंगणी, म्हातारी. डावा खांदा वर, उजवा खाली, हनुवटी जराशी उचललेली, भांडायला निघाल्यासारखी. मी विचारलं, "ही कोण?" ते म्हणाले, "हिला यायला फार वेळ आहे."

मी शाळेची टेप आणली आणि तिची मापं घेतली. उंची चार फूट अकरा इंच. दोन खांद्यांत सव्वा इंचाचा फरक. डोक्यापासून भिंतीच्या खुंटीपर्यंत अडीच हात. सगळं वहीत लिहून खाली रेघ मारली. मला तशी सवयच होती. काका बघत होते.

ते पुढे सहा वर्षं जगले. सोमवारी पाय, मंगळवारी हात हे चालूच ठेवलं. फक्त सोमवारी म्हणायचे, आज सुट्टी. आई शेवटपर्यंत जिना चढली-उतरली. कंबर दुखली नाही असा तिचा एक दिवस गेला नाही, आणि दुखते म्हणून ती एक दिवस पडून राहिली नाही. सकाळी तिच्या खोलीतून आवाज यायचा, "क्या जी, साहेब," आणि मग दहापर्यंत आकडे.

अनन्या, तुझी पाठ दुखते आणि तू तीन दिवस झोपून आहेस, असं तुझी आई म्हणाली. डॉक्टरांनी किती दिवस सांगितलं आहे, ते चिठ्ठीवर वाच. मग उताणी पड आणि गुडघे वर घे.

त्या फिजिओथेरपिस्ट मुलीने माझी मापं तिच्या कागदाच्या मागे लिहिली आहेत. ती गेल्यावर मी ट्रंकेतून वही काढून दोन्ही शेजारी ठेवले. चार फूट अकरा. सव्वा इंच. डावा वर. मी दोनदा ताडून पाहिलं, आणि मग चहा केला.

ते घर पाडून तिथे आता दुकानं झाली आहेत. भिंत नाही. काकांचा फोटो कोणी काढला नव्हता. वही आहे, ती कपाटाच्या वरच्या कप्प्यात उजवीकडे ठेवली आहे. सकाळी दहा मोजते. आणि मी उभी आहे.

तुमची आजी